मोटरीचा परवलीचा शब्द

या, या. असं लांब खांबाला टेकून कशाला बसता? सतरंजी मोठी आहे, जरा पुढं सरका. टाळ थोडा वेळ मांडीवर राहू द्या आणि कान इकडं करा, एक गंमत ऐकवायची आहे. माणसाच्या जिभेला सगळ्यात जड असतात ते दोन शब्द. ते कोणते, हे पूर्वरंगातच सांगून टाकलं तर कथेला कोण थांबणार? म्हणून आधी कथा.

शिवेवाडी हे गाव मोठं नमुनेदार. घरं सातारा जिल्ह्यात, मळे सांगली जिल्ह्यात. माणूस साताऱ्यात जेवतो आणि ढेकर द्यायला सांगलीत जातो. या गावातल्या पतसंस्थेच्या माडीवर जयराजची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन टेबलं, कुरकुरणारा एक पंखा आणि अतिशय. हा अतिशय म्हणजे विशेषण नव्हे, माणूस. अतिशय चौगुले, सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, जयराजचा कॉलेजातला दोस्त. नाव अतिशय, पण बोलणं बेताचं, हसणं बेताचं, आणि जेवण सूर्य मावळायच्या आत. त्यामुळं संध्याकाळी सहाला कुलूप लावणारी सॉफ्टवेअरची कंपनी पंचक्रोशीत तरी ही एकच होती. म्हणजे पंचक्रोशीत कंपनीही ही एकच होती.

त्यांनी जे बनवलं होतं त्याचं नाव 'हाकपाणी'. शेतातल्या मोटरीच्या पेटीत एक डबी बसवायची आणि फोनवरून मोटर चालू-बंद करायची. आता अशा डब्या बाजारात ढिगानं होत्या. कुणाची मिस्ड कॉलवर चाले, कुणाची बटणावर. जयराजची चालणार होती नुसत्या बोलण्यावर. हात चिखलात, डोळ्यांना चष्मा नाही, फोन कोपरीच्या खिशात, अशा माणसानं बांधावरून हाक मारावी आणि विहिरीवरची मोटर चालू व्हावी.

पुण्याच्या राजेश्वरी मॅडम अशा नव्या कंपन्यांमध्ये पैसे घालत. त्यांनी फोनवर दोनच प्रश्न विचारले होते.

"जयराज, बाकीच्यांपेक्षा तुमचं वेगळं काय? आणि आज दहा लोक वापरतात, उद्या हजारांनी एकदम वापरलं तर टिकेल का? दोन्हीची उत्तरं मला डोळ्यांनी बघायची आहेत."

मॅडमच्या आधी एक मोठी परीक्षा घरातच बसलेली होती. जयराजचे वडील, सुभेदार भाऊसो. फौजेतून निवृत्त झालेले, मिशी अजून ड्यूटीवर. मुलानं पुण्याची नोकरी सोडून गावात माडी भाड्यानं घेतली तेव्हापासून ते त्याच्याशी थेट बोलत नसत. समोर बसलेल्या मुलाला सांगायचं असलं, तरी बायकोला, मनुबाईंना सांगत.

"त्याला म्हणावं, सप्ता संपूस्तवर टैम हाय. बाई व्हय म्हणली तर ठीक. न्हाई म्हणली तर सप्त्यानंतरच्या सोमवारी पुण्याच्या गाडीत बसवणार मी. ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

"आबा, निदान आपल्या मोटरीला तरी डबी बसवून बघा की!" जयराज म्हणाला.

"त्याला म्हणावं, आमच्या मोटरीला बटन हाय आन् मला बोट हाय!"

चहाच्या टपरीवर तर सुभेदारांनी "पोरगं वाया गेलं" असं जाहीरच करून टाकलं होतं. जयराजला हे सगळं कळत होतं. एक मात्र त्याला कळत नव्हतं : परवलीचा शब्द ठेवावा कोणता?

पहिल्यांदा त्यांनी "मोटर चालू" असा शब्द ठेवून बघितला. पण या भागात माणूस सकाळी उठल्यावर दुसरं काही बोलतच नाही. "मोटर चालू केलीस का?" "कवा केलीस?" "माझी न्हाई झाली रं!" अशा गप्पा टपरीवर सुरू झाल्या, की रानात मोटरी लागायच्या. बरं, शब्द बदलावा तर प्रत्येकाची बोलण्याची तऱ्हा निराळी. एक म्हणे "सोड", दुसरा "लाव", तिसरा नुसतंच "हां, हूं दे". यंत्र बिचारं पुण्यातल्या भाषेवर वाढलेलं, त्याला काही उमजेना.

एका संध्याकाळी खालच्या रस्त्यानं दिंडी गेली आणि जयराज खुर्चीतून ताडकन उठला.

"अतिशय, सापडला! गजर! 'पुंडलीक वरदे हारी विठ्ठल!' गड्या, ह्यो एकच बोल असा हाय की गावातला म्हातारा म्हणू दे न्हाईतर पोरगं म्हणू दे, एकाच चालीत म्हणतं. यंत्र चुकायचंच न्हाई."

अतिशयनं बेतानं विचार केला. "हे तुम्ही कवा म्हणता?"

"कीर्तनात. एरवी घरात एकटा माणूस कशाला गजर करतोय?"

"आणि कीर्तन कवा असतं?"

"सप्त्यात. वर्षातनं एकदा."

"मग चालतंय," अतिशय म्हणाला.

देवा, माणसाची बुद्धी अशी नेमकी कडेला येऊन थांबते बघा!

गजर यंत्राला असा काही कळला, की विचारू नका. घरातल्या कुणीही म्हटलं तरी चालावं, म्हणून आवाजाची ओळख ठेवली नाही. खिशातूनही ऐकू यावं, म्हणून फोनचे कान कायम उघडे ठेवले. आणि लोकांचा घोटाळा नको, म्हणून एकदा गजर केला की मोटर चालू, पुन्हा केला की बंद. गावाला हे फार आवडलं. पाण्याचं पाणी आणि देवाचं नाव, दोन्ही एकाच हाकेत! दिवाळीनंतर बघता बघता गावातल्या बहुतेक मोटरींवर डबी बसली. राहिली ती फक्त सुभेदारांची.

चैत्रात सप्ताह बसला. मॅडमना कधी बोलवावं, यावर जयराजनं फार विचार केला आणि शेवटच्या दिवसाचं, काल्याच्या कीर्तनाचं आवतण दिलं. सगळे वापरणारे एकाच मांडवात भेटतील, असा हिशोब. त्या आठवड्यात मोटरींची वीजही फक्त दिवसाची होती, आणि बाकीची कीर्तनं रात्रीची, काल्याचं तेवढं दिवसा. म्हणजे देवानं सगळी तयारी आधीच करून ठेवलेली.

मांडव गावाखालच्या पडीक रानात होता. वरच्या अंगाला सगळे मळे, आणि मांडवाच्या लगतच दगडाबाईचं खळं. दगडाबाईनं हळद शिजवून वाळत घातली होती. खळंभर पिवळी हळकुंडं उन्हात अशी झळकत होती, की भंडाराच उधळलाय म्हणावं. मांडवामागं कृष्णात आचाऱ्यानं जमिनीत चर खणून त्यावर गव्हाच्या खिरीची कढई चढवली होती.

मेढ्याचे बुवा उभे राहिले. काय तो आवाज! बुवांना भोंग्याची गरज नव्हती, पण भोंग्यालाही कधी चांगलं काही म्हणावंसं वाटतंच की. चार दिशांना चार भोंगे बांधलेले. बुवांनी डोळे मिटले, हात वर केले आणि गर्जना केली, "पुंडलीक वरदेऽऽ..."

"हाऽऽरी विठ्ठल!" अख्खा मांडव.

लांबून घूंऽऽ असा नाद उठला. जयराजला वाटलं, वीणा छान लागलीय. शेजारी अतिशय फोनकडं बघत होता. फोनवर गावाचा नकाशा आणि प्रत्येक मोटरीचा एकेक ठिपका.

"जयराज, ठिपके हिरवे झाले."

"किती?"

"सगळे."

जयराज फोनवर वाकला. "ऑफिसातनं बंद करता येत्यात का?"

"ती सोय आपण पुढच्या टप्प्यात करणार होतो."

मॅडम पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून हसून बघितलं. जयराजही हसला. मोटरी बंद करायला एकच उपाय होता, पुन्हा गजर! तो गुडघ्यावर उठला, हात वर केले, "पुंड..." इतकं म्हणाला, तोच मागून कुणीतरी सदऱ्याला धरून त्याला खाली ओढलं. सुभेदार! बऱ्याच महिन्यांनी ते मुलाशी थेट बोलले.

"बस खाली! बुवांच्या मधी गजर करायला तू काय वीणेकरी हाईस?"

मग जयराजनं पुढच्या माणसाच्या कानात सांगितलं, "बुवांना म्हणावं, एक गजर घ्या आन् आख्यान थोडक्यात आवरा." त्यानं पुढच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. टाळ वाजत होते, मृदंग घुमत होता. निरोप टाळकऱ्यांच्या रांगेतून वळणं घेत बुवांपर्यंत पोचला, तेव्हा त्यात 'आख्यान' आणि 'जयराज' एवढेच शब्द शाबूत होते.

बुवांचा चेहरा उजळला. "मंडळी, सुभेदारांच्या चिरंजीवांची इच्छा आहे की आख्यान सविस्तर व्हावं. आजकालच्या तरुणांत ही आवड! घेऊ, सविस्तर घेऊ."

सुभेदारांची मिशी किंचित हलली. त्यांना बरं वाटलं असावं. जयराजनं तोंड दोन्ही हातांत झाकलं. लोक म्हणाले, पोराला गहिवर आला.

बुवा मथुरेच्या बंदिशाळेपासून निघाले ते एकेक साखळी तुटेपर्यंत थांबत थांबत चालले. तोवर वरच्या रानात सऱ्या भरल्या, बांध फुटले, एकाच्या रानातलं पाणी दुसऱ्याच्यात आणि दुसऱ्याचं तिसऱ्याच्यात उतरू लागलं. बुवांनी बाळकृष्णाला टोपलीत ठेवलं, टोपली डोक्यावर घेतली. "आता वसुदेव यमुनेत उतरले. आणि यमुनामाईला वाटलं, देवाच्या पायाला एकदा तरी शिवावं. पाणी चढू लागलं, मंडळी! पाणी चढू लागलं!"

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या दचकल्या. सतरंजीखालून थंडगार पाणी खरोखरच येत होतं.

"आगं बया! यमुना आली!"

"देव आला गं माझा!"

बुवांनी खाली बघितलं. पाणी त्यांच्या अंगठ्याला लागलं होतं. आयुष्यभर आख्यान सांगितलं, पण असं पाणी कधी लागलं नव्हतं. त्यांनी वाकून त्या पाण्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि त्या भरात गजर केला. मांडवानं साद दिली. तिकडं रानातला घूं आवाज एकदम थांबला.

"बंद झाल्या," अतिशय बेतानं म्हणाला. जयराजनं देवाला मनोमन दंडवत घातला. वाचलो! थोडं पाणी आलं, पण चमत्काराच्या खात्यावर गेलं.

आणि तेवढ्यात राजेश्वरी मॅडम उठल्या. लहानपणी आजोळी ऐकलेल्या कीर्तनाची त्यांना आठवण आली होती. डोळ्यांत पाणी, पायांशी पाणी. पुण्याच्या त्या शांत बाईनं दोन्ही हात उंच केले आणि असा काही गजर लावला, की मृदंगवाला थाप विसरला.

"मॅडम, नको!" जयराज ओरडला. पण हजार तोंडांतून "हाऽऽरी विठ्ठल" उठला होता.

गावच्या सगळ्या मोटरी पुन्हा एकदम उठल्या. मांडवाला आणि मोटरींना वीज देणाऱ्या डीपीनं पहिल्या वेळेला कसंबसं सोसलं होतं. या वेळी तिनं दोनदा हुंकार दिला, निळी ठिणगी सोडली आणि फट्ट! भोंगे गप्प, पंखे गप्प. त्या शांततेत मांडवामागून कृष्णात आचारी उलथनं उगारून धावत आला.

"चरात पाणी शिरलं! जाळ इझला! खीर निम्मी कच्ची हाय, आता मी गावाला काय वाढू?"

आणि खळ्याकडून दगडाबाईची आरोळी आली, "माझी हळद भिजली ओऽ!"

मग काय विचारता! गहिवर आटला आणि भांडण पेटलं.

"बुवांनी लांबड लावली म्हणून!" कृष्णात म्हणाला.

"मला जयराजचा निरोप होता," बुवा म्हणाले.

"मी थोडक्यात आवरा म्हणलो हुतो!" जयराज म्हणाला. "निरोप मधल्यांनी बिघडवला."

"आमी कशाला बिघडवू? तुझ्या फोनलाच लांब कान हायत!"

"तुझा बांध कच्चा म्हणून पानी आलं."

"माझा कच्चा? आन् तुझा काय बंगला हाय व्हय?"

"मी सांगितलं हुतं," सुभेदार सगळ्यांवर आवाज काढून म्हणाले. "माझी एकट्याची मोटर बंद हाय, बघून या!"

मॅडमनीही चष्मा पुसत हळूच सांगितलं, "मला कुणी आधी सांगायला हवं होतं, की गजर करायचा नाही."

दगडाबाई मांडवात आली. ओंजळीत ओली हळकुंडं, कोपरापर्यंत हात पिवळे. ती मधोमध उभी राहिली आणि एकेकाकडं बघत गेली.

"शाबास रं वाघांनो! सात दीस देवाचं ऐकलंसा. एवढं गाव गोळा झालंय, पर एकाच्या तोंडातनं 'माझं चुकलं' म्हणून निघंना! जीब झडती व्हय?"

कुणी टोपी नीट करू लागला, कुणी सतरंजी पिळू लागला. बुवा चिपळ्या पुसू लागले.

जयराजनं आबांकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं. सोमवारची गाडी त्याला डोळ्यांपुढं दिसत होती. आता जायचंच आहे, तर तोंड स्वच्छ करून जावं. तो पुढं झाला आणि दगडाबाईच्या पायांशी वाकला.

"काकी, माझं चुकलं. शब्द मी निवडला हुता. चला, हळद आधी उचलू."

आणि तो चपला सोडून खळ्याकडं निघाला. मागून अतिशय निघाला. मग मॅडमनी बाह्या सारल्या. मग बुवांनी उपरणं कमरेला बांधलं, आणि बुवा निघाल्यावर गाव थांबतंय होय? बायकांनी कोरडी लुगडी आणली, माणसांनी माळावर ताडपत्र्या पसरल्या, आणि दगडाबाईची हळद हातोहात उंचावर जाऊन पुन्हा उन्हाला लागली. कृष्णातनं तीन दगडांवर कढई चढवून खीर पुन्हा शिजायला घातली.

दुपार कलली तेव्हा सगळ्यांची बोटं पिवळी झाली होती. हळदीच्या कार्यासारखा रंग गावभर. मॅडम ताडपत्रीच्या कडेला बसून खीर खात होत्या.

"जयराज, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं मला," त्या म्हणाल्या. "सगळं गाव एकदम तुमच्यावर तुटून पडलं, तीनदा. डीपी गेली, तुमची यंत्रणा जाग्यावर होती. पण पहिला प्रश्न तसाच आहे. गजर तर आता चालणार नाही. माणसाला म्हणता येईल आणि चुकून कुणी म्हणणार नाही, असा शब्द आणणार कुठून?"

अतिशयनं पानातली खीर संपवली, सूर्याकडं एकदा बघितलं, अजून वेळ होता, आणि म्हणाला, "सापडलाय की. दगडाकाकीनं दिला. 'माझं चुकलं'. मघाशी आख्ख्या मांडवात कुणी म्हणत नव्हतं. चुकूनसुद्धा."

मॅडम खीर हातात धरून इतक्या हसल्या, की ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्या उठल्या, दगडाबाईजवळ गेल्या आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाल्या. काय, ते कुणाला ऐकू आलं नाही. पण दगडाबाईनं त्यांची अलाबला घेतली.

"चालेल," परत येऊन त्या जयराजला म्हणाल्या. "मी आहे तुमच्याबरोबर."

सुभेदार दूर उभे होते. त्यांनी मनुबाईंना हाक मारली. "त्याला म्हणावं, सोमवारची गाडी चुकली तरी हरकत न्हाई."

पुढची गंमत तुम्हीच ताडली असेल. नव्या शब्दानं एकही मोटर भलत्या वेळी लागली नाही. उलट सुरुवातीला लागेचनात! माणसं विहिरीवर जायची, इकडंतिकडं बघायची, घसा खाकरायची, "माझं..." म्हणून अडायची आणि शेवटी हातानं बटण दाबून परत यायची. पण ऊस काही कुणाच्या मानपानासाठी थांबत नाही. हळूहळू जिभा वळल्या. आणि बायकांना कळलं, की नवरा रोज बांधावर उभा राहून चारचौघांत हे म्हणतो, तेव्हा मग डबीला मागणी आली ती बायकांकडून. पाटणच्या एका बाईनं तर घरात मोटर नसताना डबी मागवली. पुढं अतिशयनं कर्नाटकाच्या सीमेकडच्या गावांसाठी एकच बदल केला, तिकडचा कानडी शब्द घातला, 'तप्पायितु'. "तिकडंही कुणी म्हणत नाही," तो म्हणाला, "माझ्या घरी कानडीच बोलतात, विचारून घेतलंय." असा कोरा करकरीत शब्द गावोगावी पडून होता. कंपनी वाढायला आणखी काय लागतं?

आणि आता शेवटचं. श्रावणातल्या एका सकाळी सुभेदारांनी अंगणातूनच आवाज दिला. मनुबाईंना नव्हे.

"जयराज. चल, विहिरीवर जाऊन येऊ."

जयराज गोंधळून मागं निघाला. दोघं बांधावर उभे राहिले. सुभेदार उसाकडं बघत होते. मिशीवरून एकदा हात फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला. हात खिशात घातले, काढले.

"टपरीवर लय काय काय बोललो मी तुझ्याबद्दल," ते उसाला उद्देशून म्हणाले. मग थांबले. मग म्हणाले, "माझं चुकलं."

विहिरीवर खट्ट वाजलं आणि मोटर घुमू लागली.

जयराज दचकला. "आबा! आपल्या मोटरीला डबी?"

"अतिशयनं बसवली. परवा."

"म्हंजे तुमी... मोटर चालू केलीसा व्हय?"

"मग? तुला काय वाटलं?" सुभेदारांनी मान ताठ केली. "ऊस वाळलाय. पानी नगं त्याला?"

जयराजनं खाली बघितलं. रात्रभर पाऊस पडून गेलेला. सरीतलं पाणी दोघांच्या घोट्याला लागत होतं, आणि त्यात एक खेकडा निवांत चालला होता.

"व्हय आबा," तो म्हणाला. "लय वाळलाय."

पाणी फारच झालं, तेव्हा मोटर बंद करायला जयराजनं तोंड उघडलं. सुभेदारांनी हात वर केला.

"थांब. मी चालू केली, मीच बंद करतो."

आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, उसाकडं न बघता, त्यांनी ते दोन शब्द पुन्हा म्हटले, हळू आवाजात. मोटर थांबली. हात मात्र तिथंच राहिला.

झालं. आता टाळ उचला, गजराची वेळ झाली. फोन ज्यांच्या खिशात आहेत त्यांनी घाबरू नये, शब्द बदललाय. एवढंच करा : घरी गेल्यावर कुणाशी कडाकडा भांडण होईल, ते दोन शब्द ओठांपर्यंत येऊन अडतील, तेव्हा ओंजळीत ओली हळद घेऊन मांडवात उभ्या राहिलेल्या आमच्या दगडाबाईची तेवढी आठवण काढा.